भाकरी गरम होती

आये,

पोलादपूरच्या खालच्या अंगाचं आपलं कबरस्थान रस्त्यात जाणार, हे आता नक्की झालं आहे. हमरस्ता रुंद होतोय. भूसंपादनाचं काम बघणाऱ्या कारकुनानं काल दुपारी फोनवर तसं सांगितलं आणि संध्याकाळी महाडच्या चर्चच्या पाळकांनीही तेच सांगितलं. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच वार सांगितला, मंगळवार, म्हणून मी बातमी पक्की धरते. जन्मभर वर्तमानपत्रात हेच केलं. एकानं सांगितलेलं ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्यानं सांगितल्याखेरीज छापायला द्यायचं नाही. कारकून सभ्य होता. म्हणाला, ज्यांचं माणूस येऊन कबर दाखवील त्यांच्या अस्थी महाडला वेगळ्या जागेत पुरू, नावाचा दगडही लावू देऊ. बाकीच्या सगळ्या एका खड्ड्यात, एकत्र. मग त्यानं विचारलं, "बाई, तुम्हाला ओळखता येईल?" मी म्हटलं, येऊन बघते.

ओळखायचं कशावरून, हा त्याचा प्रश्न बरोबर होता. महारोग्यांच्या त्या आश्रमातल्या कबरींवर नावं नव्हती. तिथं नाव लावणं म्हणजे डोंगरातल्या कुठल्यातरी घराला बट्टा लावणं, त्या घरातल्या मुलींची लग्नं अडवणं, म्हणून कुणी नाव मागितलंच नाही. सावित्रीच्या पात्रातला एक गोटा डोक्याशी, एक पायाशी. आश्रम बंद पडला, छपरं गेली, करवंदीच्या जाळ्या वाढल्या आणि गोटे गुरांच्या पायांनी इकडचे तिकडे झाले. हाडांवरून ओळखावं तर तिथल्या सगळ्यांचेच हात सारखे, बोटं झिजून गेलेले. पण तुझी एक खूण आहे. त्या जागेत सगळ्यांना अनवाणी पुरलं आणि तुला एकटीला चपला घालून. हे जाणणारी माणसं गेली. आता मीच उरले आहे. ही खूण त्यांना सांगावी की नाही, ते ठरत नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

तू मला कडेवर घेऊन त्या आश्रमात आलीस ते मला आठवणं शक्य नाही. गालावरचा चट्टा दिसल्यावर बाबांच्या घरच्यांनी तुला शेताच्या कडेच्या खोपीत ठेवलं, बाबांनी दुसरी केली, आणि एका पहाटे तू उठून डोंगर उतरलीस, एवढं मी दुसऱ्यांकडून ऐकलं. तुझ्या तोंडून कधीच नाही. मला धडधाकट म्हणून महाडच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तू आश्रमात कडू कवठाच्या तेलाच्या सुया घेत राहिलीस आणि पुढे पांढऱ्या गोळ्या आल्या. गोळ्या आल्यावर नियम सैल झाले. मला सुट्टीत तुझ्या खोलीत राहायची परवानगी मिळू लागली. माझ्या लेखी माझी आई तिथून सुरू होते.

त्या खोलीत चूल कोपऱ्यात आहे, भिंत धुरानं काळी आहे, आणि चुलीशेजारी एक मडकं आहे. आश्रमातल्या सगळ्या ख्रिस्ती बाया भात रांधताना एक मूठ तांदूळ त्या मडक्यात टाकायच्या. रविवारी मडकी प्रार्थनेच्या खोलीत रिकामी करायची आणि जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्यासाठी त्यातून पेज व्हायची. मुठीचं मडकं म्हणायचे त्याला. तुझी मूठ वळत नव्हती. बोटांची पेरं गेलेली, राहिलेली ताठ. मग तू दोन्ही तळवे जोडून तांदूळ उचलायचीस आणि ओंजळभर मडक्यात सोडायचीस. शेजारच्या खोलीतली बाई दारातून बघून म्हणायची, "तुजी मूठ लय मोठी गो. देव दमंल खाऊन." तू हसायचीस. उरलेल्या तांदळात आपल्या दोघींचं भागायचं नाही, हे मला दिसत होतं आणि तुलाही दिसत असणार.

एकदा मी त्यावरून फुगून बसले होते. ताटात भात थोडा, त्यात खडे, वर नुसतं कुळथाचं पिठलं. तू डोळे मिटून उपकार मानायला लागलीस. पाण्याबद्दल, सरपणाबद्दल, शेजारणीबद्दल, माझ्याबद्दल. मी मध्येच म्हटलं, कसले उपकार, याचे? तू डोळे उघडलेस. ओरडली नाहीस. माझं ताट दोन्ही मनगटांमध्ये धरून उचललंस आणि शेजारणीच्या दारात नेऊन ठेवलंस. परत येऊन म्हणालीस, "तुजं नव्हतं ते. तुला वाटलं तुजं हाय, म्हनून कमी दिसलं." त्या दिवशी मी उपाशी राहिले, आणि नंतर कळलं की तूही. आजही कुणाच्या घरी पानावर बसले की ते वाक्य आठवतं आणि मला ते आवडत नाही. भूक लागलेल्या मुलीला असं बोलू नये.

आणि ते प्रवचन. महाडचे तेव्हाचे पाळक पायी आले होते, धोतराला चिखल. जे आत्म्यानं दीन आहेत ते सुखी, असा त्यांचा विषय होता. पुढच्या रांगेत एक पायानं अधू झालेला म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "सायेब, दीन व्हायाचं आमाला नका शिकवू. त्यात आमी पास हाव. दुसरं कायतरी सांगा." सगळी खोली हसली, पाळकही हसले. तू हसली नाहीस. खोलीवर परतताना मला म्हणालीस की म्हातारा चुकला. गरीब असलं म्हणजे दीन झालं असं नाय. मग तू आवाज खाली करून, पुढे चाललेल्या एका म्हातारीकडे हनुवटी केलीस. ती तिच्या भावजयीचं नाव रोज एकदा शिव्या देऊन घ्यायची. "तिला बघ. बोटं नायत, पन धरून ठेवलंय केवढं."

त्या वर्षी मेच्या सुट्टीत डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं की तुझ्या अंगात आता रोग नाही. बोटं परत येणार नाहीत, तळव्यांची संवेदना परत येणार नाही, पण कुणाला तुझ्यापासून धोका नाही. घरी जायचं असेल तर जा. हे ऐकून मला काय झालं ते तुला मी कधी सांगितलं नाही. वसतिगृहातल्या इतर मुली सुट्टीत गावी जायच्या आणि आंबे, मामा, आत्या, भांडणं असं सगळं घेऊन परत यायच्या. मला वाटलं, आता आपणही. डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, चपला काढायच्या नाहीत. त्या चपला आश्रमातच व्हायच्या. मोटारीच्या जुन्या टायरचा तळ, वर चामड्याचे रुंद पट्टे, खिळा कुठेच नाही, सगळी दोऱ्याची शिवण, कारण खिळा वर आला तर घालणाऱ्याला कळणार नाही. तुझी पावलं उंबऱ्यावर आपटली तरी तू खाली बघितल्याशिवाय तुला कळायचं नाही.

एसटीत आपण मागच्या बाकावर बसलो. तू हात पदरात घेतलेस. कशेडीच्या पायथ्याला उतरून डोंगराची वाट धरली आणि तू माझ्यापुढे चालू लागलीस, इतकी भरभर की मला धाप लागली. कुठलं झाड कुणाचं, कुठल्या ओढ्यात खेकडे मिळतात, असं बोलत होतीस. गावाच्या शिवेवर एक जुनं आंब्याचं झाड होतं. तिथं तू बसलीस, चपलांचे पट्टे दातांनी सोडवलेस आणि चपला पिशवीत घातल्यास. मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय. तू म्हणालीस, "माज्या बापाचा गाव हाय. हितं बाया वहाना घालून वडीलधाऱ्यांसमोर जात नायत. लोकं म्हनतील, रोग झाला आनि मान बी विसरली." आश्रमातल्या माणसांकडूनच होईल अशी ती चूक होती. ज्या गावानं तुझा कुठलाच मान ठेवला नव्हता, त्याचा मान ठेवायला तू अनवाणी झालीस. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. मीही माझ्या चपला काढल्या.

मामा खळ्यातच होता, विडी ओढत. तो उठला, पण जवळ आला नाही. "बाय, बरी दिसतेस," म्हणाला. मामी दारात आली आणि लगेच म्हणाली, "वन्स, हितंच बसा खळ्यात. घरात लय उकडतंय, हितं वारा हाय." वारा नव्हता. आपण खळ्यातल्या एका झाडाच्या सावलीत बसलो. मामीनं पत्रावळी टाकल्या, भाकरी वरून सोडली, सुकटीचं कालवण वरून ओतलं, पाणी वरून. माझ्या हाताला तिचा हात लागेल म्हणून तीच दचकत होती. मामा बैलाविषयी बोलत राहिला. तू जेवलीस, पत्रावळ स्वतः उचललीस, आणि मग विचारलंस, राहू का दादा, मागच्या पडवीत. त्यानं विडी जमिनीवर घासून विझवली. बराच वेळ घासली. "बाय," तो म्हणाला, "पोरांची लग्नं व्हायाची हायत."

"व्हय रे दादा," तू म्हणालीस. एवढंच. मग विचारलंस, राब भाजलं का? तो सुटल्यासारखा बोलू लागला. वरचं भाजून झालं, खालचं काल भाजलं, फांद्यांची कवळं यंदा कमी पडली, गोवऱ्या जास्त घातल्या. तू म्हणालीस, जरा बघून येते. आपण उठलो तेव्हा मी मागं वळून पाहिलं. मामी हातात शेणाचा गोळा घेऊन आपली बसायची जागा सारवत होती.

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजलेला तुकडा, हे मुंबईत मला किती जणांना समजावून सांगावं लागलं. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून, वर माती टाकून ते आतल्या आत जळू देतात. वरून राख थंड दिसते. खाली निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो. शाळेचे कपडे काळे होतील म्हणून तू मला बांधावर थांबवलंस आणि स्वतः खाली उतरलीस. शेताच्या मधोमध गेलीस. हेच ते शेत, तुझ्या बापानं तुला नांगरामागं चालायला शिकवलेलं. तू उभी राहिलीस, डोळे मिटलेस आणि बोलू लागलीस. मला बांधावरून ऐकू येत होतं. तू शेताबद्दल उपकार मानलेस. दादाच्या बैलांबद्दल. या वासाबद्दल. मामीच्या भाकरीबद्दल. दादाच्या पोरांची लग्नं नीट होऊ देत, असं मागितलंस. तू बराच वेळ बोललीस. तुझा चेहरा तेव्हा असा होता की मी त्याआधी तो तसा पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्याला आनंदाखेरीज दुसरा शब्द मला आजवर सापडला नाही, आणि शब्द शोधणं हाच माझा धंदा होता. तू आनंदात उभी होतीस आणि तुझे तळवे भाजत होते.

परत शिवेवरच्या झाडापाशी चपला घालायला बसलीस तेव्हा मी पाहिलं. ते लिहीत नाही. वास आधी आला. तू पाऊल गुडघ्यावर घेऊन, दुसऱ्या कुणाचं असावं तसं बघितलंस. "अगो," म्हणालीस, "निखारं व्हतं वाटतं." आणि वरून चपला चढवल्यास, कारण डोंगर उतरायचा होता.

डॉक्टरीणबाई रडल्या, हे मला आठवतं. जखमा हाडापर्यंत गेल्या, पावसाळा लागला, ताप येऊ लागला. उजवा पाय कापावा लागेल असं ठरलं, पण ते तिथं होण्यासारखं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर महाडच्या वाटेवर पाणी, इकडे घाटात दरड. वाट मोकळी व्हायची वाट बघण्यात दिवस गेले. मला वसतिगृहातून आधीच बोलावून घेतलं होतं. मी तुझ्या उशाशी बसून होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता, की तुझं ते सगळं सुख म्हणजे तुझ्या तळव्यांसारखंच होतं. लागत होतं, पण तुला कळत नव्हतं. कळलं असतं तर तू उपकार मानले नसतेस, किंचाळली असतीस. शेवटी एका दुपारी मी ते बोलले. तापलेल्या, मरणाऱ्या बाईला विचारलं, की तू त्या लोकांचे उपकार कशाचे मानत होतीस? खळ्यात बसवल्याचे? आपण उठताच जागा सारवली त्याचे?

तुझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, ऐकलं नाहीस. मग तू सावकाश म्हणालीस, "पायाला कळलं नाय गो. मला कळत व्हतं समदं. शेन कालवलेलं मी आल्याबरोबर बघितलं."

"मग?"

"मग काय." तू पाणी मागितलंस, मी चमच्यानं दिलं. "भाकरी गरम व्हती. तांदळाची. तिनं आपुन आल्यावर पीठ घेतलं. शिळी दिली असती तर कोन काय म्हननार व्हतं?"

त्यानंतर तू माझ्याशी बोललीस ते सगळं बारीकसारीक होतं, मडकं कुणाला द्यायचं, माझ्या परकराची शिवण. तू गेलीस तेव्हा बाहेर इतका पाऊस होता की खड्ड्यात पाणी साचत होतं आणि ते उपसावं लागत होतं. आश्रमात माणूस गेला की त्याच्या चपला परत घ्यायची रीत होती. टायर सहज मिळायचे नाहीत, त्याच चपला कापून दुसऱ्याच्या पायाला बसवायच्या. चपला करणारा स्वतः तिथलाच रोगी होता, तुटक बोलणारा माणूस. तो तुझ्याजवळ बसला आणि काढण्याऐवजी त्यानं पट्टे आवळले. बायांपैकी कुणीतरी रीतीची आठवण दिली. तो म्हणाला, "ह्या टायमाला नाय घेत. काढल्या म्हनून गेली ती. आता काढायच्या नायत."

मामा आला नाही. त्याला कळवलं होतं. त्याच्या पोरांची लग्नं झाली, चांगली झाली, हेही मला पुढे कळलं.

तर आता हे असं आहे. चामडं गेलं असेल, पण टायरचा तळ मातीत कुजत नाही. मंगळवारी कुठल्यातरी खड्ड्यात नक्षीचं काळं रबर वर येईल आणि ती तू असशील. मी बोट दाखवलं की तुला वेगळी काढतील. महाडला दगड लागेल, त्यावर तुझं नाव, पहिल्यांदाच कुठेतरी. मी गप्प राहिले तर तू त्या एका खड्ड्यात जाशील, पायानं अधू म्हाताऱ्याबरोबर, शेजारणीबरोबर, भावजयीला शिव्या देणाऱ्या म्हातारीबरोबर. तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. तुला जन्मभर वेगळं बसवलं, वेगळं वाढलं, वेगळ्या पडवीतसुद्धा जागा दिली नाही. आता मी येऊन पुन्हा तुला इतरांतून उचलून वेगळी ठेवणार, तेही प्रेमानं. तू म्हणाली असतीस की ज्यांची माणसं येणार नाहीत त्यांच्यात राहू दे, तिथं गर्दी हाय, बरं हाय. आणि त्याबद्दलही उपकार मानले असतेस.

हे सगळं मला पटतं. मी नाताळला चर्चमध्ये जाते आणि कुणी वारलं तर जाते, त्यापलीकडे माझा विश्वास किती आहे ते मी मोजत नाही. पण तू त्या शेतात बधिर नव्हतीस, हे मी मानते. त्याला दुसरं कुणी साक्षीदार नाही, तरीही मानते. तुला सगळं दिसत होतं. त्या सगळ्यातून तू एक गरम भाकरी उचललीस, कारण तीही तिथं होती. मला शेण दिसलं आणि मी इतकी वर्षं तेच धरून आहे. मामीची भाकरी माझ्याही पानात पडली होती. ती गरम होती की नाही, मला आठवत नाही.

सोमवारी मी महाडला पोचेन. मंगळवारी सकाळी यंत्र येईल, पाऊस उघडला असला तर. पाळक प्रार्थना करतील, मजूर आधी हातानं खणतील, असं कारकुनानं कबूल केलं आहे. रबर वर आलं की तो माझ्याकडे बघेल. मी काय म्हणेन, ते आज सांगता येत नाही. या कागदाला पाठवायची जागा नाही, म्हणून इथं एवढं लिहिते की चपला सापडाव्यात असं मला फार वाटतं आहे. धरून ठेवायला माझी बोटं तर सगळी शाबूत आहेत, आये.